नळीच्या तोंडावरचा कापूस

रायफल घरात आली ती खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. गुलबर्ग्याहून आळंदपर्यंतच्या बसमध्ये अप्पांनी ते लांबुळकं खोकं दोन्ही गुडघ्यांमध्ये उभं धरलं होतं. शेजारच्या प्रत्येकाने त्यात काय आहे ते विचारलं आणि अप्पांनी प्रत्येकाला खरं सांगितलं. त्यामुळे स्टँडवरून घरापर्यंत ते एकटे आले नाहीत, सोबत बरीच मंडळी आली. छर्ऱ्याची, हवेच्या दाबावर चालणारी, नेमबाजीच्या सरावाची रायफल होती ती. तिला परवाना लागत नव्हता, पण हे कुणाला पटेना. "परवाना नगं तर बंदूक कसली?" असं आईनेही विचारलं. पण तिच्या आवाजात कौतुक होतं, आणि खोकं ठेवायला तिने देवघरापुढची जागा आधीच सारवून घेतली होती.

आमचं घर अडत दुकानाच्या मागे होतं. पुढे दुकान, मधे पोत्यांचं गोदाम आणि मागे आम्ही. जवळच्या डाळमिलचा घरघराट दिवसभर चालायचा. तो बंद पडला की आम्ही सगळे दचकून वर बघायचो. तुरीच्या दिवसांत हमालांच्या आरोळ्या, काट्याच्या साखळीचा खणखणाट आणि नाकात जाऊन बसणारी धूळ. एरवी दुपारी आईच्या भाकरी थापटण्याचा आवाज आणि शेंगाचटणी कुटताना खलबत्त्याचा ठोका. दुकानात येणारे शेतकरी अर्धं कन्नडात, अर्धं मराठीत बोलत, आणि हिशेबावरून वाद झाला की तो हिंदीत होई. अप्पा तिन्ही भाषांत एकाच सुरात बोलत. मोठा आवाज करताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

रायफल अक्काची होती. माझी मोठी बहीण सुमित्रा, आमच्यात अक्काच. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये तिने पहिल्यांदा बंदूक हातात घेतली आणि तिथल्या सरांनी तिच्या कागदावरची भोकं बघून अप्पांना दुकानात येऊन सांगितलं की या पोरीचा हात हलत नाही. दिवाळीनंतर गुलबर्ग्याला निवड-चाचणी होती. तिच्यातून निवडलेल्या मुली राज्याच्या शिबिराला जाणार होत्या. कॉलेजची रायफल एकच आणि ती दुसऱ्या मुलीला दिलेली. स्वतःची आणली तरच अक्काला उभं राहता येणार होतं. सर हे सगळं जरा घाबरतच सांगत होते. अप्पांनी ऐकून घेतलं, सरांना चहा पाजला आणि त्याच आठवड्यात गुलबर्ग्याची बस धरली. आळंदसारख्या गावात, त्या काळात, मुलीसाठी बंदूक आणायला निघालेला दुसरा बाप मी पाहिलेला नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे आयुधपूजा जोरात. कर्नाटकात ती सगळीकडेच जोरात असते. दुकानातला काटा, वजनं, पोत्यात खुपसून आतले दाणे बाहेर काढायची टोकदार परखी, हमालांचे हुक, आईचं शिलाई मशीन, सायकल, सगळं धुऊन पुसून एका रांगेत मांडलं जाई. त्या वर्षी रांगेच्या मधोमध रायफल होती. आईने रायफलीच्या लाकडी दस्त्यावर हळदीची बोटं ओढली, नळीला कुंकू लावलं, आणि शेवटी सगळ्यांच्या देखत नळीच्या तोंडात देठासकट झेंडूचं एक फूल खोवलं. नारळ फुटला, पाणी उडालं. होळगीवर, म्हणजे पुरणपोळीवर, तूप वाढून झाल्यावर शेजारपाजारचे एकेक करून रायफलीला नमस्कार करून गेले. पुजलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा नियम. म्हणून ती तशीच फूल खोवलेली देवापुढे पडून राहिली. एकाही माणसाला ती आधी चालवून बघावी असं सुचलं नाही. आज मी मुलींचं वसतिगृह सांभाळते. नवा पंखा असो की गॅसची शेगडी, चालवून बघितल्याशिवाय मी पावतीवर सही करत नाही. माझ्या हाताखालच्या मुली याला मॅडमचं वेड म्हणतात. हे वेड कुठून आलं ते त्यांना ठाऊक नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून गोदामात सराव सुरू झाला. एका टोकाला तुरीच्या भुशाची पोती रचून त्यांवर कागद डकवायचा आणि दुसऱ्या टोकाला अक्का. कागद बदलायचं, छर्ऱ्यांचे डबे लावून ठेवायचं आणि सराव चालू असताना गोदामाचं दार आतून बंद ठेवायचं काम मी माझ्याकडे घेतलं होतं. रायफलीचा आवाज फारसा नव्हता. डाळमिलच्या घरघराटात एक कोरडा "फट्", बस. पण कागद आणायला गेले की मी भोकं बघत राहायचे. कॉलेजच्या जुन्या, दस्ता झिजलेल्या रायफलीने अक्का भोकाला भोक चिकटवायची, आणि या नव्याकोऱ्या रायफलीने भोकं कागदभर उधळलेली. एक वर, एक खाली डावीकडे, एक कागदाच्या बाहेर पोत्यात.

तिच्या जागी मी असते तर पहिल्याच दिवशी रायफलीला शिव्या घातल्या असत्या. अक्काने एकदाही रायफलीचं नाव घेतलं नाही. तिने आधी स्वतःला तपासायला घेतलं. चहा बंद केला, कारण चहाने हात कापतो असं सरांनी कधीतरी म्हटलं होतं. कोपर कुठे टेकतं, गाल दस्त्याला कुठे लागतो, श्वास कधी थांबतो, एकेक गोष्ट बदलून बघितली, आणि एका वेळी एकच. दस्त्याचे स्क्रू आवळले. छर्ऱ्यांचा दुसरा डबा आणवला. रोज संध्याकाळी जेवताना तिचा चेहरा थोडा अधिक ओढलेला दिसे. एकदा भाकरीचा तुकडा हातातच धरून ती म्हणाली, "शैले, मला येतच नसंल का गं? कॉलेजात ते नुसतं नशीब असंल?" मी म्हटलं, "काय बोलायलीस तू? नशिबानं रोज भोकाला भोक चिकटतंय का?" ती हसली नाही. नेम चुकतो याचं तिला तेवढं दुःख नव्हतं. चूक रायफलीची आहे की आपली, हेच तिला कळत नव्हतं, आणि तिचा जीव त्यात अडकला होता.

उलगडा झाला तो सफाई करताना. नळीच्या तोंडाशी आईचं कुंकू अजून चिकटून होतं. ते निघावं म्हणून अक्काने देवघरातला वातींचा कापूस घेतला आणि नळीच्या कडेवरून गोल फिरवला. कापूस एका जागी अडकला. तिने तो सोडवला, पुन्हा फिरवला. पुन्हा त्याच जागी तंतू ओढले गेले आणि तिथेच लोंबत राहिले. तिने मला हाक मारली. "नख फिरव हितं." मी फिरवलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण नखाला एक बारीक काटा लागला. कारखान्यात नळी कापल्यावर कड घासायची राहून गेली होती. छर्रा बाहेर पडता पडता त्या काट्याला घासायचा आणि तिथून पुढे त्याला वाटेल तिकडे जायचा. अक्का रायफल मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसली. मग एकदम रडली. मला वाटलं, रायफल खराब निघाली म्हणून. ती म्हणाली, "माझा हात बरा हाय गं."

आता रायफल बदलून आणायची, एवढंच. पण अप्पा अडले. आमच्या बाजारात एक रीत होती आणि अप्पा तिच्यावरच जगत होते. माल काट्यावर चढायच्या आधी परखी घाल, दाणे दाताखाली फोडून बघ, हवं ते बोल. एकदा माल काट्यावर चढला की बोलणं संपलं. या रितीवरून त्यांनी मोठमोठ्या खरेदीदारांना परत पाठवलं होतं आणि स्वतःचं नुकसानही गिळलं होतं.

"मी माल बघून घेतलो," ते म्हणाले. "घरी आणलो, पूजा केलो. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

आई ताडकन म्हणाली, "आवो, तुमची तूर न्हाई ती. बंदूक हाय. आन् जायचं तर ते कुकू आधी पुसून टाका. घासलेटनं घासले की नव्यागत दिसंल. त्याला काय कळतंय?"

मलाही ते पटलं. मी जुना ब्रश आणि घासलेटची बाटली आणूनही ठेवली. अप्पांनी बाटलीचं बूच लावलं आणि ती बाजूला सरकवली. मग अक्का पुढे आली. ती म्हणाली, "अप्पा, पोत्यात वर चांगला माल आन् मधे भिजका निघाला, तर? काट्यावर चढल्यावर कळलं, तर तुमी काय करताव?"

अप्पा म्हणाले, "ज्याचा माल त्याला दाखवतो. मागत न्हाई, दाखवतो."

"मग दाखवायलाच चला की."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही तिघं निघालो. कुंकू, हळद, सगळं जसंच्या तसं. आईने भाकरी-चटणीची पुरचुंडी दिली आणि दारातून म्हणाली, "वाकडं बोलला तर तुमी बी बोला जरा. न्हाईतर पोरीला फुडं करा."

दुकान गुलबर्ग्याच्या जुन्या बाजारातल्या एका बोळात होतं. मालक पिकल्या दाढीचे, डोळ्यांवर जाड चष्मा, बसल्या जागेवरून न उठता सगळ्या वस्तूंना हात पोचेल अशी त्यांची मांडणी. सगळे त्यांना चाचा म्हणत. अप्पांनी काउंटरवर रायफल ठेवली. चाचांनी चष्मा वर केला आणि दस्त्यावरची हळदीची बोटं बघून म्हणाले, "ये क्या मियाँ? बंदूक की शादी कर को लाए क्या?"

मागे बसलेलं गिऱ्हाईक हसलं. अप्पाही हसले. मग त्यांनी जे केलं ते मी आयुष्यात पुन्हा कुणाला करताना पाहिलं नाही. चाचा जे जे म्हणू शकले असते ते सगळं अप्पांनी स्वतःच सांगून टाकलं.

"चाचा, मी तक्रार घिऊन आलो न्हाई. माल मी बघून नेलो. घरी पूजा केलो. बायकोनं नळीत फूल खोवलं, देठासकट. नारळाचं पाणी बी उडालं असंल. चालवून बघायचं आधी, ते बघितलो न्हाई. तुमी म्हणलाव की खोट माझ्याच घरी झाली, तर मला उत्तर न्हाई."

मी अक्काचा हात दाबला. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस हात जोडेल आणि आम्ही परतीची बस धरू. चाचाही गोंधळले. भांडायची तयारी करून बसलेल्या माणसासमोर कुणी भांडतच नसलं की होतं तसं. "तो फिर आए काइकू?" त्यांनी विचारलं.

"येक विचारायला. आमच्यात येका पोत्यावरून गाडीचा भाव करत न्हाईत. याच्यासंगं आलेलं दुसरं खोकं असंल तर उघडून बघताव का? त्याला कुकू लागलेलं न्हाई."

चाचांनी ओठ मुडपले. मग पोटमाळ्यावरून एक बंद खोकं काढून चाकूने पट्टी कापली. तेलकट कागदातून रायफल बाहेर आली, अगदी आमच्यासारखीच, चकचकीत. अक्काने पदराच्या टोकात बांधून आणलेला कापूस सोडला. "मी बघू का, चाचा?" त्यांनी तो तिच्या हातातून घेतला आणि स्वतःच नळीच्या कडेवरून फिरवला. कापूस अडकला.

मागचं गिऱ्हाईक हसायचं थांबलं. चाचांनी पुन्हा फिरवला, मग चष्मा काढून नख लावलं. पुढचं खोकं काढलं. मग त्याच्या पुढचं. एकेक रायफल काउंटरवर येत गेली, तेलाचा वास दुकानभर पसरला, आणि प्रत्येकीच्या तोंडावर कापसाचे तंतू लोंबत राहिले. सगळा माल एकाच यंत्रावरून, एकाच आळसातून आला होता. शेवटचं खोकं उघडून झाल्यावर चाचा गादीवर मागे टेकले. "हौ," ते म्हणाले. "तुम्हारा कुंकू पाक है. मेरा माल खोटा है."

अप्पा लगेच म्हणाले, "तुमचा न्हाई, कारखान्याचा."

"बेचा तो मैंने ना, भाई?"

त्यांनी काउंटरवरचा फोन पुढे ओढला आणि आमच्या समोर नंबर फिरवायला लागले. हुमनाबादच्या कुणाला, मग बिदरच्या कुणाला. याच मालातली रायफल नेलेली माणसं होती ती. प्रत्येकाला ते एवढंच सांगत होते की माल परत आणा, खोट आहे, चूक माझी. पलीकडच्या माणसांना खोट ठाऊकही नव्हती. ती बिचारी नेम चुकतो म्हणून स्वतःलाच दोष देत बसली असतील. अप्पा काउंटरच्या कडेला दोन्ही तळवे टेकून ते ऐकत उभे होते. देवळात उभे राहतात तसे.

पण आमचा प्रश्न सुटला नव्हता. चाचणी तोंडावर आली होती आणि दुकानातली एकही रायफल धड नव्हती. कारखान्याला कळवून नवा माल यायला महिना गेला असता. तेवढ्यात अक्काने काचेच्या कपाटातल्या रायफलीकडे बोट केलं. मागच्या वर्षीच्या मालातली ती, नुसती दाखवायला लावलेली. उन्हाने दस्त्याचा रंग एका अंगाला उडाला होता आणि त्यावर एक लांब चरा होता. चाचा नको म्हणाले. "वो नक्को बेटी, इज्जत का सवाल है. शकल देख उसकी."

"मला शकल नगं, चाचा. कापूस फिरवू का?"

कापूस कडेवरून सरकला आणि अलगद पुन्हा तिच्या बोटात आला. तरीही ती थांबली नाही. "मारून बघते," म्हणाली. दुकानामागे चाचांचं घर आणि उंच भिंतीचं अंगण होतं. चाचांनी घरातल्यांना आत बोलावून दारं लावली. भिंतीशी जुन्या सतरंज्यांची जाड वळकटी उभी केली आणि तिच्यावर कागद लावला. अक्का फरशीवर आडवी झाली. पहिले काही छर्रे तिने नेम जुळवण्यात घालवले. नंतरचे मारताना मी तिच्या पाठीकडे बघत होते. किती दिवसांनी ती पाठ सैल दिसत होती. कागद अप्पा स्वतः आणायला गेले. तो चाचांपुढे धरून त्यांनी शेवटच्या भोकांवर अंगठा ठेवला. सगळी भोकं अंगठ्याखाली झाकली गेली. "माशाल्ला," चाचा म्हणाले, आणि आतून सरबत आणायला सांगितलं. आमच्या रायफलीच्या बदल्यात तीच चरा पडलेली रायफल घेऊन आम्ही परतलो.

अक्का आज बसवकल्याणकडच्या कोहिनूर गावी असते, सासरची शेती तीच बघते. फवारणीचा नवा पंप आला तर आधी साध्या पाण्याने अंगणात चालवते, बियाणं आलं तर ओल्या फडक्यात मूठभर उगवून बघते. मी तिच्याकडे गेले की हे सगळं बघत बसते. कुणावर संशय घ्यायचा म्हणून ती हे करत नाही. पीक बिघडलं तर आपलं काय चुकलं ते नीट कळावं, म्हणून करते. हे मला फार उशिरा समजलं.

दिवाळीनंतर त्या चाचणीला अप्पा दुकान बंद ठेवून गुलबर्ग्याला आले. त्यांनी नेमबाजी कधी पाहिली नव्हती. मैदानाच्या कडेला, दोरीच्या मागे, ते हातात टोपी घेऊन उभे राहिले. सगळे गप्प, म्हणून हेही खोकला दाबून. अक्काचं आधी चांगलं चाललं होतं. तिचे कागद बघणारे परीक्षक मधूनच आमच्याकडे बघून मान डोलवत. संध्याकाळी नावं वाचली तेव्हा त्यात अक्काचं नाव नव्हतं. थोडक्यात हुकलं होतं. आमच्या कॉलेजचे सर धावत आले. त्यांना तिच्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. "सुमित्रा, हरकत नाही. रायफल नवीन होती, हाताला बसली नव्हती. तसं मी कळवतो वर."

"न्हाई सर," अक्का म्हणाली. "रायफल येकदम नीट हाय. शेवटाला शेजारची पोरगी संपवून उठली आन् मी घाई केले. माझं हाय ते."

मी अप्पांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर, चाचा फोन करत होते तेव्हाचा तोच भाव होता.

परतीच्या बसमध्ये अप्पा मधे, आम्ही दोघी दोन्हीकडे. त्यांनी स्टँडवर गरम भजी घेतली होती, ती कुणीच खाईना. कडगंचीचा माळ मागे पडल्यावर अप्पांनी पुडा अक्काकडे सरकवला. मग हळूच म्हणाले, "लई वाईट वाटायलंय का गं?"

"वाटायलंय की," अक्का म्हणाली, आणि भज्यांचा पुडा स्वतःकडे ओढला. "पण अप्पा, कुठं चुकलं ते मला आता दाखवता येतंय. बघा."

तिने तेलकट बोटं रुमालाला पुसली, पुढच्या सीटच्या दांड्यावर डावं कोपर टेकलं आणि हातात नसलेली रायफल खांद्याला लावली. "हितं श्वास सोडायचा. अर्धा सोडायचा आन् धरायचा. मी काय केले, धरायच्या आधीच बोट दाबले." अप्पा तिच्या गालाशी गाल नेऊन, ती बघत होती तिकडे बघू लागले. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. बस खड्ड्यातून उसळली तरी अक्काचं कोपर हललं नाही. तेवढ्यात कंडक्टर आमच्यापाशी आला आणि दांड्यावर तिकिटाचा पंच आपटून म्हणाला, "टिकेट, टिकेट."

अप्पांनी त्याच्याकडे न बघता हात वर केला. "थांबा जरा," ते कुजबुजले. "श्वास धरलीय ती."

आणि कंडक्टरही थांबला.